तीन टप्प्यांचं घोडामैदान

घुगुसकर काकांना घोड्यावर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. त्यांच्या पत्नी निर्मलाकाकूंनीही पाहिलं नाही. जबलपूरच्या साध्यासुध्या घरांतल्या मुलांना घोडेस्वारी शिकता यावी म्हणून ज्या माणसाने निवृत्तीनंतरची सगळी वर्षं घातली, त्याला स्वतःला रिकिबीत पाय कसा घालतात हे नीट दाखवताही येत नसे. कुणी छेडलंच तर म्हणायचे, "बसवणारे वेगळे, बसणारे वेगळे. आपलं काम जागा तयार करायचं."

काका गेल्या उन्हाळ्यात गेले. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहायचं मनात आहे, पण लिहायला बसलं की त्यांचाच आवाज कानावर येतो: "आधी पहिला टप्पा ठरवा मॅडम, मंग पुढचं."

आमची ओळख झाली तीच अशा टप्प्यावरून. मी साताऱ्याकडची. इथल्या एका खासगी कॉलेजात स्थापत्य शिकवायची नोकरी लागली आणि रांझीच्या बाजूला एका कॉलनीत घर भाड्याने घेतलं. सामानाचा ट्रक आला त्या सकाळी मी गोंधळून नुसती इकडून तिकडे फिरत होते. हमाल कपाट आधी उतरवत होते, कारण ते दाराशी होतं. समोरच्या घरातून एक उंच, किंचित पुढे झुकलेले गृहस्थ आले. पांढरा शर्ट, पायात जाड तळाच्या चपला, खिशात पेनाऐवजी खडूचा तुकडा. त्यांनी हमालांना हात करून थांबवलं.

"कपाट राहू द्या. मॅडम, आज रात्री तुम्हाला काय काय लागंन? पाणी, शेगडी, अंथरूण, एक दिवा. हा झाला पहिला टप्पा. बाकीचं ट्रकात राहिलं तं काय बिघडलं, कुठं पळून जाते का ते?"

ट्रकवाला वैतागला. "चाचा, मुझे वापस भी जाना है।"

"जाओगे भैया, जाओगे. पर सही से उतार के जाओगे." आणि मग दुपार होईपर्यंत ते आमच्या अंगणात उभे राहिले. प्रत्येक वस्तू आपापल्या खोलीत, आपापल्या भिंतीला जाऊन बसली. आयुष्यात एवढं मोठं स्थलांतर आणि मला एकही गोष्ट दोनदा उचलावी लागली नाही. संध्याकाळी काकूंनी गोळाभात पाठवला, त्यासोबत चिंचेचं सार. डबा परत द्यायला गेले तेव्हा कळलं की काका फौजेसाठी गाड्या बनवणाऱ्या इथल्याच एका संरक्षण कारखान्यात नियोजन विभागात होते. कुठला सुटा भाग कधी कुठे पोचला पाहिजे, म्हणजे गाडी अडणार नाही, हे ठरवण्यात त्यांची नोकरी गेली. त्यांचे आजोबा चंद्रपूरकडून इकडे आले. घरात मराठी नागपूरच्या वळणाची आणि वाक्य अर्ध्यावर आलं की हिंदीत शिरणारी. त्यांचा मुलगा बंगळुरूला. तो फोनवर हिंदीत बोलायचा, काका मराठीत, आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं.

"तुम्ही सिविलच्या ना?" त्याच संध्याकाळी त्यांनी मला विचारलं. "जमिनीचा उतार काढून देता येईन का? घाई नाही. पण या हप्त्यात पायजे."

काकू आतून म्हणाल्या, "घ्या. सापडल्या तुम्हाला." मला तेव्हा काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गच्चीवर नेलं. सगळी गच्ची खडूने भरलेली होती. एका पडीक सरकारी जागेचा नकाशा, बऱ्यापैकी प्रमाणात: पांढऱ्या खडूने पहिला टप्पा, पिवळ्याने दुसरा, लालने तिसरा. कागदावर काका काही काढायचे नाहीत. कागदावर माणूस वरून बघतो, म्हणायचे, गच्चीवर त्याला आतून चालता येते. खरोखर ते चालायचे. "हे फाटक. इथून पोरगं आत आलं. त्याला घोडा कुठून दिसन? इथून. मंग हे झाड इथं नको." पाऊस आला की नकाशा वाहून जायचा. मला वाईट वाटायचं, त्यांना नाही. ऊन पडलं की पुन्हा काढायला बसायचे आणि दर वेळी काहीतरी बदलायचे. काकू मात्र वाळवणं घालायला जागा नाही म्हणून रोज ओरडायच्या, आणि पापड बरोबर तिसऱ्या टप्प्यावर घालायच्या. "तो काही एवढ्यात होत नाही," त्या म्हणायच्या.

घोडेच का, हा प्रश्न सगळ्यांनी त्यांना विचारला आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळालं. सरकारी साहेबांना ते पर्यटन सांगत. कॉलनीतल्या बायकांना सांगत, मुलं मोबाइल सोडून बाहेर येतील. टांगेवाल्यांना सांगत, जनावरांना काम मिळेल. यातलं काही खोटं नव्हतं. सदरमध्ये, म्हणजे इथल्या छावणीत, फौजेच्या घरची मुलं घोड्यावर बसलेली काकांनी लहानपणापासून पाहिली होती. बाकी शहराला घोडा दिसायचा तो वरातीत, किंवा टांग्याला जुंपलेला. मला एकदा त्यांनी आणखी वेगळं सांगितलं. ग्वारीघाटावर काकूंना नर्मदेत दिवा सोडायचा होता, आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो.

"इतके वर्षं गाड्या बनवल्या मॅडम. लाइन संपली का गाडी गेली. कुठं गेली, कोणाच्या कामी आली, काही पत्ता नाही. एक तरी चीज अशी करावी म्हटलं, का जी झाल्यावर इथंच राहीन."

मी म्हटलं, "मग बाग करायची, वाचनालय करायचं."

"ते करणारे आहेत ना जी," ते म्हणाले.

मैदानासाठी एक समिती नेमली गेली. काका तिचे सचिव झाले, म्हणजे काम करणारे. वर एक साहेब होते. त्यांचं नाव सांगत नाही, तसे माणूस वाईट नव्हते, त्यांनाही वर कुणाला तरी काहीतरी दाखवायचं असायचं. पहिल्या भेटीत साहेब म्हणाले, "सबसे पहले गेट बनाते हैं, घुगुसकर जी. ऊपर दौड़ता हुआ घोड़ा. लोगों को दिखना चाहिए कि कुछ हो रहा है."

"बनेगा सर. तीसरे टप्पे में."

"तीसरे में क्यों?"

 पुढच्या भेटीला काकांनी सगळ्यांना जागेवरच बोलावलं. तिथे पाण्याचा टँकर उभा होता. मी उतार काढून दिला होता, त्यामुळे काय होणार हे मला आणि त्यांना ठाऊक होतं. काकांनी टँकर मैदानाच्या मधोमध मोकळा करायला सांगितला. इथली माती काळी. पाणी कुठेच गेलं नाही. ताटात आमटी वाढावी तसं ते जागच्या जागी राहिलं. सगळे बोलत उभे राहिले, चहा झाला, पाणी तसंच. साहेब परत गाडीकडे निघाले तर त्यांचा बूट चिखलात रुतला आणि पाय मोकळा बाहेर आला. कुणी हसलं नाही. काकांनीच वाकून बूट ओढून काढला, रुमालाने पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

"सर, आप तो जूता उतार लेंगे," ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. "घोड़ा खुर कैसे उतारेगा?"

पहिला टप्पा मंजूर झाला. त्यात फक्त चर खणणं, खाली गिट्टी, वर मुरूम, त्यावर वाळू, पाण्याचा हौद, कुंपण आणि झाडं. घोडा एकही नाही. जमीन एक पावसाळा सोसते का ते बघितल्याशिवाय जनावर आणायचं नाही, असा काकांचा हट्ट. त्या वर्षी त्यांची जी थट्टा झाली ती विचारू नका. चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "चाचा, घोड़े दिख नहीं रहे, अदृश्य वाले मँगाए हैं क्या?" काका म्हणायचे, "आयेंगे भैया. पहले उनका घर तो सूखने दो." पावसाळ्यात रोज छत्री घेऊन जायचे आणि रिकाम्या मैदानाभोवती चालायचे. एकदा मीही गेले. सगळीकडे पाणी पडत होतं आणि ते चरांतून खळाळत बाहेर चाललं होतं, मैदानावर डबकं नव्हतं. काका छत्री बंद करून तसेच उभे राहिले. चेहऱ्यावर काही विशेष नाही. पण घरी येताना सदरमध्ये रिक्षा थांबवून त्यांनी खोव्याची जिलेबी घेतली, ती त्यांना डॉक्टरांनी बंद केली होती.

दुसऱ्या टप्प्यात घोडे आले. ते इस्माईलभाईंचे. इस्माईलभाई टांगेवाले. त्यांच्या वडिलांचा टांगा स्टेशनवरून सवारी घेऊन जायचा. ई-रिक्षा आल्या आणि टांगा अंगणात उलटा पडला. राहिल्या त्या वराती. त्यांच्याकडे दोन घोडे आणि चांदनी नावाची पांढरी घोडी. काका पहिल्यांदा गेले तेव्हा इस्माईलभाईंना ती चेष्टा वाटली.

"बच्चे बैठेंगे? बाबूजी, इसको बैंड-बाजे की आदत है, बच्चों की नहीं."

"तो आदत डालेंगे. हमको भी कहाँ आदत है."

शिकवायला एक निवृत्त मेजर मिळाले. पाठ सरळ, मिशी पांढरी, घोड्यावर बसले की माणूस आणि जनावर वेगळं काढता येऊ नये. त्यांनी पहिल्याच दिवशी चांदनीचा लगाम ओढून बघत सांगितलं, "टांगे का जानवर है. इसका मुँह सख्त हो चुका है." इस्माईलभाईंचा चेहरा पडला. महिनाभर दोघे एकमेकांशी काकांमार्फत बोलत. काका मध्ये बसून चहा ओतायचे आणि एकाचं वाक्य दुसऱ्याला सांगायचे, जरा मऊ करून. मला म्हणाले, "मेजरसाहेबांना घोडे समजतात. इस्माईलभाईंना ही घोडी समजते. आपल्याला दोन्ही पायजे, मंग भांडून कसं चालंन?" हळूहळू मेजरसाहेब लगाम कसा सैल धरायचा ते दाखवू लागले, इस्माईलभाई चांदनी कान मागे का टाकते ते सांगू लागले, आणि एका सकाळी दोघांनी काकांना मध्ये न घेता एकत्र चहा घेतला. काकांनी मला घरी येऊन ही बातमी दिली.

मेजरसाहेबांशी खरा वाद झाला तो पासावरून. त्यांचं म्हणणं, सकाळची वेळ पास काढलेल्या सभासदांनाच ठेवावी, शिस्त राहते. काका सहसा आवाज चढवायचे नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही, पण खुर्चीतून उठले.

"मेजर साहब, पब्लिक का मतलब मैं इतना ही समझता हूँ. जहाँ अंदर आने के लिए किसी से पूछना न पड़े."

चालत येणाऱ्यांसाठी जे छोटं फाटक होतं, त्याला त्यांनी कडीच बसवू दिली नाही. मागच्या वस्तीतली मुलं यायला लागली, मग कॉलनीतली, मग कारखान्याच्या क्वार्टरमधली. सगळी एकाच रांगेत. लहान रिंगणात घोडा फक्त चालवायचा, पळवायचा नाही, बाजूला एक माणूस. मुलांचे चेहरे वर गेल्यावर बदलायचे. जमिनीवर भांडखोर असलेली मुलं घोड्यावर एकदम गंभीर व्हायची. काका कुंपणाला टेकून बघत, आणि मूल उतरलं की प्रत्येकाला एकच विचारत, "ऊपर से क्या दिखा?" उत्तरं ऐकून घरी काकूंना सांगत. एका मुलीने म्हटलं होतं, "मम्मी का सर दिखा, ऊपर से." ते त्यांना फार आवडलं होतं.

त्या मुलीचं नाव खुशी. तिची आई एका दवाखान्यात आया होती. खुशी रोज यायची, आणि मेजरसाहेबांनीसुद्धा कबूल केलं होतं की या मुलीला उपजत तोल आहे.

मग तो हिवाळा आला. तिसऱ्या टप्प्यातलं मोठं रिंगण नुकतं हाती घेतलं होतं. तीन बाजूंना लोखंडी कठडा झाला होता, चौथ्या बाजूचे खांब उभे होते, आडवे बार यायचे होते. साहेबांनी निरोप धाडला, मोठे पाहुणे येणार आहेत, मुलांची स्वारी मोठ्या रिंगणात दाखवा. काका नाही म्हणाले. साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. या जागेवर वाहनतळ करायचा विचार वर चालू आहे, पाहुण्यांनी एकदा डोळ्यांनी बघितलं तर तो बारगळेल, असं सांगितलं. ते खरंही असावं. काका त्या दिवशी घरी आले आणि गच्चीवर गेले, बराच वेळ खाली आले नाहीत. दुसऱ्या दिवशी चौथ्या बाजूला दोरी बांधली गेली आणि दोरीला रंगीत पताका लागल्या.

मी त्या सकाळी तिथे होते. बँड वाजला, चांदनी शांत, तिला बँडची सवय होतीच. खुशी तिच्यावर, ताठ. ती सावकाश फेरी घेऊन वळली आणि तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी उडवलेला ड्रोन खाली आला, घोडीच्या डोक्याच्या जवळ, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज करत. चांदनीने असलं काही कधी ऐकलं नव्हतं. ती उसळली, मोकळी बाजू दिसली तिकडे धावली आणि पताकांसकट दोरी ओलांडून गेली. खुशी खांबाजवळ पडली. इस्माईलभाई घोडीमागे न जाता आधी मुलीकडे धावले. काकाही धावले. त्यांना धावताना मी तेव्हाच पाहिलं.

तिचं खांद्याजवळचं हसळीचं हाड मोडलं होतं. डोक्याला काही लागलं नव्हतं. डॉक्टरांनी तसं सांगेपर्यंत काका दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला हात लावून उभे होते. कुणी खुर्ची दिली तर मान हलवायचे.

मैदान बंद झालं. चौकशीची बैठक बसली. उतार नि पाण्याचा निचरा मी बघितला होता म्हणून मलाही बोलावलं होतं. टिपण आधीच तयार होतं, ते वाचून दाखवायचं आणि सगळ्यांनी मान डोलवायची असा बेत होता. त्यात लिहिलं होतं की घोडी टांग्याची, अप्रशिक्षित, स्वभावाने भडक. सबब सदर जनावरं व त्यांचा मालक यांना मैदानावरून काढण्यात यावं. इस्माईलभाई दाराशी उभे होते. त्यांना बसायला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी टोपी हातात घेतली होती आणि खाली बघत होते, जणू हे असंच होणार हे त्यांना घरून निघतानाच माहीत होतं.

काका उठले.

"सर, इसमें एक बात ग़लत लिखी है. घोड़ी का कोई दोष नहीं. चौथी तरफ़ कठडा नहीं था. मुझे मालूम था कि नहीं है. मुझसे पूछा गया और मैंने हाँ कहा."

साहेब म्हणाले, "घुगुसकर जी, आप बैठिए. हादसा है, हो जाता है."

"हादसा नहीं है सर. मेरा टप्पा चूका है." ते एवढंच म्हणाले, आणि बसले नाहीत. "लिखना है तो मेरा नाम लिखिए. वरना मैं इस पर दस्तख़त नहीं करूँगा."

 मेजरसाहेब म्हणाले की घोडी त्यांनी स्वतः तयार केली आहे, ती अप्रशिक्षित असेल तर ते स्वतःही अप्रशिक्षित आहेत. टिपण बदललं. काकांचं नाव समितीतून गेलं. इस्माईलभाई राहिले.

परतताना रिक्षात मी चिडून विचारलं, "साहेबांचं नाव का नाही घेतलं तुम्ही? त्यांनीच तर तुम्हाला भाग पाडलं."

 "त्यांनी विचारलं, मॅडम. उत्तर मी दिलं."

खुशीच्या घरी ते रोज जायला लागले. तिची आई त्यांना आत घ्यायची नाही. दार उघडून तिथेच उभी राहायची. "अब क्या देखने आए हैं?" काका पायरीवर बसायचे, मुलगी कशी आहे विचारायचे आणि उठून यायचे. मी म्हटलं, नका जाऊ, त्यांना त्रास होतो. ते म्हणाले, "रागवायला कोणी तं समोर पायजे ना त्या बाईला. दवाखान्यात ड्यूटी करून येते, घरी येऊन कोणावर रागवंन ती?" बऱ्याच दिवसांनी तिने एकदा चहा आणून ठेवला. मग म्हणाली, "बिटिया अब घोड़े पे नहीं बैठेगी, बाबूजी."

"मत बैठाइए," काका म्हणाले. "उसका मन हो तब भी आपका मन देखना."

खुशी पुन्हा मैदानावर आली नाही. हाड जुळलं, ती शाळेत बॅडमिंटन खेळायला लागली. काकांना याचं वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. उलट रस्त्यात भेटले की सांगायचे, "छान खेळून राहिली म्हणे. तोल होताच तिला."

ते वर्ष मात्र त्यांना जड गेलं. खिशात खडू दिसेना. गच्ची स्वच्छ असायची, काकू सगळीकडे पापड वाळत घालू शकत होत्या आणि घालत नव्हत्या. एकदा मला दारात थांबवून म्हणाल्या, "तुम्ही तरी म्हणा ना यांना काहीतरी काढायला. मला बाई ती गच्ची अशी बघवत नाही." मी म्हटलं. काका हसले, "आता कोणाच्या जागेवर काढू?"

मैदान पुन्हा सुरू झालं, चौथ्या बाजूचा कठडा लावून. नव्या समितीने तिसऱ्या टप्प्याचं उरलेलं काम हाती घेतलं आणि काकांचा आराखडा बदलला. त्यांनी जिथे कडुनिंबाची रांग धरली होती तिथे बसायला पायऱ्या केल्या. झाडं पश्चिमेला नेली. मी ते पाहिलं आणि मला संताप आला. मी त्यांना मुद्दाम स्कूटरवर बसवून दाखवायला नेलं, की निदान एक तक्रार तरी करू. त्यांनी पायऱ्यांभोवती एक फेरी मारली. मग पश्चिमेकडे तोंड करून, डोळ्यांवर हात धरून उभे राहिले.

"बरोबर केलं त्यांनी," ते म्हणाले. "चार वाजताचं ऊन तिकडूनच येते. घोड्याच्या डोळ्यात जाते. हे मला काहून सुचलं नाही?" आणि घरी येईपर्यंत मागे बसून तेच बोलत होते, कोणी सुचवलं असेल, हुशार माणूस दिसतो. मी तक्रार केली नाही.

त्यानंतर त्यांचं हृदयाचं दुखणं वाढलं. मुलगा येऊन त्यांना बंगळुरूला घेऊन जाणार होता. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी कॉलेजातून येताना मैदानावरून आले, तर ते कुंपणाबाहेर उभे दिसले. काकू रिक्षात बसल्या होत्या. रविवार नव्हता तरी गर्दी होती. आत लहान रिंगणात चार-पाच मुलं, मोठ्या रिंगणात मेजरसाहेब एका उंच मुलाला ओरडून काही सांगत होते. मी स्कूटर लावून जवळ गेले. काकांच्या शेजारी एक तिशीतला माणूस मुलीला खांद्यावर घेऊन उभा होता. शहपुऱ्याहून आला होता बहुतेक, पाहुण्यांकडे. तो काकांना मैदानाची माहिती देत होता.

"फ़ौज का है ये," तो म्हणाला. "कोई मेजर साहब थे, उन्होंने अपनी ज़मीन पे बनवाया."

"अच्छा?" काका म्हणाले.

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे न बघता हात जरासा हलवला.

"और देखिए, पानी रुकता नहीं यहाँ. कितना भी बरसे. नीचे कुछ डलवाया है."

"क्या डलवाया होगा?"

"अब ये तो नहीं पता, चाचा. कुछ तो डलवाया है."

काका त्याच्याकडे जरा सरकले. नीट ऐकू यावं म्हणून ते डोकं एका बाजूला कलतं करायचे, तसं केलं. "और अंदर जाने का क्या है? पास लगता है?"

"अरे नहीं. वो छोटा वाला फाटक है ना, उधर से चले जाइए. कोई नहीं पूछता." तो माणूस मुलीला खांद्यावरून उतरवत म्हणाला, "चलिए, हम भी जा रहे हैं. आइए."

रिक्षातून काकूंनी हाक मारली, उशीर होतो आहे म्हणून. काकांनी त्यांच्याकडे वळून "आलोच" असा हात केला आणि त्या माणसाच्या मागून, त्याने दाखवलेल्या रस्त्याने, आत गेले.